जिप्सम सिलिंगचे जोड घरीच भरायचे आहेत: टेप, पुट्टी, घासकाम (१२ × १० ची खोली, स्लॅबखाली)

मधलीखोली_भुसावळ
राम राम मंडळी. भुसावळ, वरचा मजला, खोली १२ × १० फूट, वर थेट स्लॅब. सिलिंग साधं सपाट आहे, कोव्ह नाही, पट्टे नाहीत. लोखंडी सांगाडा करून घेतलाय, सेक्शन (बोर्ड ज्यांना स्क्रूनं लावायचे त्या पत्र्याच्या पट्ट्या) १८-१८ इंचांवर आहेत. बोर्ड साडेबारा मिमीचे, ६ × ४ फुटी, अजून खालीच आहेत. बोर्ड चढवण्यापासून रंगापर्यंतचं काम घरीच करायचं आहे. सिलिंगवाले म्हणतात की जोडात पीओपी आणि वरून बँडेज पट्टी मारली की झालं. खरंच तेवढ्यानं भागतं का? सामान किती आणायचं? एप्रिल आहे, कूलर सुरू झालेत, त्यानं काही फरक पडतो का?

पट्टीवाला
कूलरनं पडतो, त्यावर नंतर येतो. बोर्ड अजून खाली आहेत हे बरं झालं, कारण पुट्टीचं निम्मं काम बोर्ड कसे लावता त्यावरच ठरतं.

बोर्डाच्या लांब कडा हात फिरवून बघा. सहा फुटी दोन्ही कडांना शेवटच्या दोनेक इंचात उतार दिलेला असतो, साधारण मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. दोन बोर्डांच्या अशा कडा शेजारी आल्या की मध्ये उथळ पन्हळ तयार होते. जोडावर लावायचा टेप आणि पुट्टी त्या पन्हळीत बसते आणि वरून सगळं सपाट येतं. चार फुटी कडांना मात्र उतार नसतो, तिथं उघडा जिप्सम दिसतो. अशा दोन कडा जुळल्या की टेप पृष्ठभागाच्या वरच चढतो आणि उंचवटा येतो. नवख्या माणसाचं सिलिंग संध्याकाळी दिवे लागल्यावर उघडं पडतं ते याच आडव्या जोडांवर. म्हणून असे जोड कमीत कमी ठेवा आणि एका रेषेत येऊ देऊ नका.

तुमच्या खोलीची मांडणी अशी: सेक्शन १० फुटी दिशेनं धावत असतील, तर बोर्डाची लांबी १२ फुटी दिशेनं. पहिली रांग ६ + ६. दुसरी रांग ३ + ६ + ३, म्हणजे एक बोर्ड मधोमध आडवा कापायचा. उरली दोन फुटांची तिसरी रांग. तिच्यासाठी एक बोर्ड लांबीत उभा चिरायचा, २ × ६ चे दोन तुकडे मिळतात. चिरलेली कड भिंतीकडे, उताराची कड शेजारच्या रांगेकडे. उलटं केलंत तर १२ फूट लांब जोडाची पन्हळ एका बाजूनं गेलीच म्हणून समजा. एकूण पाच बोर्ड लागतात, सहा आणा.

१८ इंचांवर सेक्शन असण्याचं कारणही इथंच आहे. १८ चोक ७२, म्हणजे सहा फुटी बोर्डाचं टोक बरोबर सेक्शनच्या मधोमध येतं. तीन फुटी तुकड्याचंही येतं. मात्र सेक्शनचं मोजमाप भिंतीपासून नीट धरलेलं हवं. बोर्ड उचलण्याआधी मोजायच्या टेपनं एकदा मोजा. टोक हवेत लोंबत असेल तर त्या जागी सेक्शनचा जादा तुकडा टाका. पुट्टीनं तो आधार मिळत नाही.

अमळनेरचा_खिळा
स्क्रूचं मी सांगतो. २५ मिमीचे काळे जिप्सम स्क्रू, प्रत्येक सेक्शनवर २३० मिमी, म्हणजे वीतभर अंतरावर. कागदाच्या कडेपासून किमान १० मिमी आत, कापलेल्या कडेपासून १५ मिमी. एका बोर्डाला तीसेक स्क्रू जातात, पाच बोर्डांना दीडशे. अडीचशे आणा, वाकतात, पडतात, माळ्यावर हरवतात.

डोकं किती आत? कागद दबला पाहिजे, फाटता कामा नये. वजन त्या कागदावरच तोललेलं असतं. डोकं कागद फाडून जिप्समात घुसलं तर तो स्क्रू धरत नाही. तो काढून दोन इंच बाजूला दुसरा मारा. उलट डोकं बाहेर राहिलं तर पुट्टी लावायची पट्टी फिरवताना टक्-टक् अडकतं. भरायच्या आधी कोरडी पट्टी सगळ्या स्क्रूंवरून फिरवून बघा, आवाज आला तिथं अर्धा फेरा आवळा.

एक बोर्ड अठरा-एकोणीस किलोचा असतो. मान आणि हात वर करून एकट्यानं धरू नका. दोन घोडे, वर फळी आणि डोक्याच्या उंचीला टेकेल असा टी आकाराचा लाकडी टेकू. स्क्रू बोर्डाच्या मधून कडेकडे मारत जा, चारी कोपरे आधी आवळले तर बोर्ड मध्ये फुगतो.

सातपुडा_उतार
पीओपी आणि बँडेजला एवढं नाक मुरडायचं कारण नाही. चोपड्यापासून नंदुरबारपर्यंत निम्मी सिलिंगं तशीच उभी आहेत.

पट्टीवाला
उभी आहेत हे खरं, जोडांवर केसासारख्या रेषा आहेत हेही खरं. पीओपी दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतो, नवखा माणूस तेवढ्यात घमेल्यातला अर्धाच लावून होतो. शिवाय तो कडक आणि ठिसूळ असतो, घासायला जड, आणि कागदावर त्याची पातळ धार टिकत नाही, सोलते. बँडेजचं कापड सैल विणीचं असतं, ताण आला की लांबतं. जॉइंट कंपाउंड, म्हणजे जोड भरायची खास पुट्टी, याच कामासाठी केलेलं असतं: चिकटपणा, उशिरा सेट होणं, पातळ धारेला न सुटणं.

व्हाइट सिमेंटची भिंतीची पुट्टी तर जोडात मुळीच नको. तिला गिलाव्यासारखा खरखरीत, पाणी मारलेला आधार लागतो. बोर्डाच्या कागदावर पाणी मारता येत नाही आणि कोरड्यावर लावली तर ती पापुद्र्यानं सुटते.

मधलीखोली_भुसावळ
दुकानात जॉइंट कंपाउंडचे दोन प्रकार दाखवले, एक गोणीतली पावडर, एक बादलीतली तयार. टेपही दोन, कागदी आणि जाळीची. काय घेऊ?

पट्टीवाला
पावडर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन सेट होते, त्यामुळे आकसते कमी आणि होते पक्की. पण वेळेचं बंधन आहे. बादलीतली फक्त पाणी उडून वाळते, आकसते जास्त, घासायला मऊ. टेप बसवायचा पहिला हात पावडरीचा आणि शेवटचा हात तयार मालाचा, ही जोडी नवख्याला सोपी जाते. एकच घ्यायचं असेल तर पावडर.

तुमच्या खोलीत लांब जोड दोन, २४ फूट. आडवे जोड पहिल्या रांगेत ४, दुसरीत ८, तिसरीत २, म्हणजे १४ फूट. भिंतीलगतचा घेर ४४. झाले ८२ फूट, म्हणजे पंचवीस मीटर टेप. एक रोल पुरून उरतो. पावडरीची एक गोणीही पुरून उरेल. उरलेल्या गोणीचं तोंड घट्ट बांधा, पावसाळी हवा लागली की तिच्यात गाठी होतात आणि सेट व्हायची वेळ बिघडते.

टेप कागदीच घ्या. जाळीचा चिकट असतो म्हणून लावायला सोपा वाटतो, पण तो जाड आहे आणि जोड हलला की ताणतो. जाळी वापरलीच तर तिच्यावरचा पहिला हात पावडरीचाच हवा, तयार मालावर जाळीचा जोड लवकर तडकतो. कागदी टेपला मधोमध घडी असते, भिंतीच्या कोपऱ्यात दुमडून बसवायला.

हत्यारं: ४, ६ आणि १० किंवा १२ इंची पट्टी, चौकोनी तळाचा डबा, कटर आणि भरपूर ब्लेड, चार फुटी सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी, १२०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडी ठोकळा. पट्टीचे कोपरे फरशीवर किंचित घासून गोल करा, नवी पट्टी ओल्या पुट्टीत चरे पाडते.

पट्टीवाला
आता प्रत्यक्ष काम, सलग लिहितो.

बोर्डांमध्ये ३ मिमीपेक्षा मोठी फट असेल तर आधी तीच भरा आणि वाळू द्या. आडव्या जोडांच्या कडा बोर्ड चढवण्याआधीच कटरनं तिरप्या तासून घ्या, म्हणजे जोडात व्ही आकाराची खाच होते आणि फाटलेल्या कागदाची झालर राहत नाही. ती झालर टेपखालून फुगून येते.

पुट्टी कालवताना डब्यात आधी पाणी, मग वरून पावडर भुरभुरत टाका. दोन-तीन मिनिटं भिजू द्या, मग ढवळा. पाण्याचं माप गोणीवर दिलेलं असतं, ते पाळा. टेप बसवायचा माल घट्ट दह्यासारखा हवा, पट्टी उलटी केली तरी पडू नये. एका वेळी दोन किलोच्या वर कालवू नका. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो परत सैल करू नका, त्यात पुन्हा जोर येत नाही, वाळल्यावर भुगा होतो. प्रत्येक घाण्यानंतर डबा खरवडून धुवा. तळाला राहिलेला जुना कण नव्या मालाला घाईनं सेट करतो, आणि मग ‘पावडर खराब आली’ म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. खारं बोअरचं पाणीही याच कारणानं टाळा, पिण्याचं वापरा.

पहिला हात: चार इंची पट्टीनं जोडात माल दाबून भरा आणि वर दोन-अडीच इंच रुंद, सलग थर पसरा. टेप मधोमध ठेवा. सहा इंची पट्टी तिरपी धरून मधून दोन्ही टोकांकडे ओढा, टेपखालचा जादा माल बाजूला निघतो. सगळाच काढू नका, टेपखाली मिलिमीटरभर तरी राहिला पाहिजे. हा थर कोरडा पडला किंवा पूर्ण निपटून निघाला की टेपखाली हवा राहते आणि फोड येतो. फोड ओला असतानाच दिसला तर तेवढा टेप उचलून खाली माल घाला. वाळल्यावर सापडला तर कटरनं तेवढा तुकडा कापून काढा, भरा, नवीन तुकडा बसवा. वरून थर चढवून फोड झाकला जात नाही.

जोड जिथं एकमेकांना छेदतात तिथं टेपवर टेप चढवू नका, टोकाला टोक भिडवा.

दुसरा हात टेप पूर्ण वाळल्यावर, आठ इंच रुंद. तिसरा हात बारा इंच रुंद, माल थोडा सैल. पट्टी फिरवताना बाहेरच्या कडेवर दाब द्या, म्हणजे धार बोर्डात विरून जाते. स्क्रूच्या खड्ड्यांना प्रत्येक हाताबरोबर एकेक पट्टी, एकदा आडवी, एकदा उभी.

आडव्या जोडांचं वेगळं. तिथला उंचवटा काढता येत नाही, तो फक्त पसरवता येतो. टेपच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा इंच, म्हणजे एकूण दोन फूट रुंद थर न्या. मधल्या रेषेवर जवळजवळ काहीच नाही, दोन्ही बाजूंना जरा भर. चार फुटी पट्टी जोडावर आडवी धरा, ती मध्ये डुलली की उंचवटा अजून अरुंद आहे.

स्लॅबखालचा
सगळं बरोबर, पण स्लॅब विसरू नका. वरचा मजला म्हणजे भुसावळच्या उन्हात दिवसभर तापणारा आणि रात्री निवणारा स्लॅब. तो फुगतो-आकसतो, भिंत वेगळ्या चालीनं हलते. सिलिंग आणि भिंतीचा सांधा कागदी टेपनं घट्ट बांधला तर पहिली चीर तिथंच. वरच्या मजल्यावर घेराला टेप न लावता बोर्ड भिंतीपासून ३ मिमी सोडा आणि ती फट रंगवता येणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सीलंटनं भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. मग टेप ८२ ऐवजी ३८ फूटच लागेल.

स्लॅबला गळती असेल तर सिलिंग करायच्या आधी ती बंद करा. पिवळा डाग पडल्यावर पाण्याचा रंग कितीही हात मारला तरी डाग वर येतोच, त्याला आधी ऑइल प्रायमरनं बंद करावं लागतं. शिवाय भिजलेला बोर्ड लोंबतो.

पंखा सांगाड्याला किंवा बोर्डाला कधीच नाही, स्लॅबच्या हुकालाच, लांब रॉड घालून. रॉडभोवती बोर्डाला बोटभर मोकळं भोक ठेवा आणि वर वाटी बसवा. रॉड बोर्डाला टेकला तर पंख्याच्या थरथरीनं भोकापासून चिरा निघतात. दिव्यांची भोकंही टेप लावण्याआधी पाडा, सेक्शन कुठं आहे ते पेन्सिलीनं भिंतीवर खुणा करून. भोक सेक्शनवर आलं तर दिवा सहा इंच सरकवा, सेक्शन कापू नका.

पट्टीवाला
सहमत. घेराचा टेप खालच्या मजल्यांना ठीक, वरच्याला सीलंटच.

आता कूलर. खान्देशात एप्रिल-मेमध्ये सिलिंगचा जोड दोन उलट गोष्टींनी बिघडतो. कूलर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर ४३-४४ आणि लू चालू: मालातलं पाणी सेट होण्याआधीच उडतं, कागद पाणी ओढून घेतो, टेपच्या कडा उचलतात, थरावर मातीच्या तळ्यासारख्या भेगा येतात. कूलर चालू: खोलीत दमट हवा भरते, वरचा थर दिसायला वाळलेला आणि आत ओला. त्यावर दुसरा हात चढला की आतला थर नंतर आकसतो आणि महिन्याभरानं जोड खोल दिसतो.

म्हणून पहाटे काम करा, सहा ते दहा. ३५ अंशांच्या वर माल लावू नका. उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा बंद. टेपचा तुकडा लावण्याआधी पाण्यातून ओढून निथळवा, म्हणजे तो मालाचं पाणी ओढत नाही. कूलर लावायचाच तर शेजारच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी जोड बघा: राखाडी ठिपके म्हणजे ओलं, सगळीकडे सारखा पांढरा म्हणजे वाळला. तयार मालाला एका हाताला रात्र पुरते, पावसाळ्यात दोन दिवसही लागतात.

केळीपट्टा_सावदा
भाऊ, घाई नको करू, बठ्ठं वाळू दे. लग्नाच्या तारखेवर सिलिंग करणाऱ्यांचेच जोड आधी दिसतात.

काळीमाती_शिरपूर
इकडे स्लॅब नाही, पत्रा आहे. पत्र्याखाली हेच करता येईल का? आणि शेजारी धाब्याचं घर आहे, तिथंही विचारतायत.

स्लॅबखालचा
पत्र्याखाली थेट नको. जिप्सम बोर्डात वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. सतत ५० अंशांच्या वर तापत राहिला तर ते हळूहळू सुटतं आणि बोर्ड ठिसूळ होतो. मे महिन्यात बंद पत्र्याखालची हवा तिथवर सहज जाते. आधी पत्र्याच्या खालून उष्णतारोधक थर, दोन्ही टोकांना हवा खेळायला जाळी, आणि पत्रा ते सिलिंग किमान फूटभर अंतर. वाऱ्यानं पत्रा थडथडतो, म्हणून हँगर (सांगाडा वरून टांगायच्या पट्ट्या) पत्र्याला नाही, कैचीला किंवा अँगललाच.

धाब्याला: हँगर मातीत धरणार नाही, फक्त लाकडी सऱ्यांना. पण सरा किडका आहे की नाही हे सिलिंग लागल्यावर दिसत नाही. आधी सरे ठोकून बघा, वाळवी असेल तर सिलिंग राहू द्या. पावसाळ्यात धाबं झिरपतं हे वेगळं सांगायला नको.

रंगारी_धुळे
घासकाम आणि रंग माझ्याकडे.

तिसरा हात नीट बसला असेल तर घासायला फार काही नसावं. १२० फक्त पट्टीच्या रेघा आणि गोळ्यांसाठी, नंतर १८०, शेवटी २२०. पेपर ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात. जोडाच्या बाहेर बोर्डाचा कागद घासू नका. कागदाची लव उभी राहते आणि रंगाखाली ती खरखरीत पट्ट्यासारखी दिसते. झालंच तर त्या जागी पातळ पुट्टी फिरवून पुन्हा २२०.

धूळ बारीक असते आणि पंख्यानं सगळ्या घरात जाते. एन ९५ मास्क, चष्मा, दाराला ओली चादर. नंतर सिलिंग ओलसर कापडानं पुसा. धुळीवर मारलेला प्रायमर रोलरला चिकटून पापुद्र्यानं येतो.

तपासणी अशी: रात्री खोलीतले दिवे बंद, टॉर्च सिलिंगला जवळजवळ चिकटवून आडवी धरा. प्रत्येक खळगा आणि उंचवटा सावली टाकतो. पेन्सिलीनं गोल करा, भरा, घासा. खडूनं किंवा पेननं नको, रंगातून वर येतं. दिवसा ट्यूबलाइटखाली बघून ‘झालं’ म्हणू नका.

प्रायमर आवश्यकच. पुट्टी आणि कागद रंग वेगवेगळा पितात. प्रायमर नसेल तर दोन हात रंगानंतरही जोडांचे पट्टे फिकट-गडद दिसत राहतात आणि माणूस परत पुट्टी भरायला लागतो, वास्तविक जोड सपाटच असतो. पाण्याचा प्रायमर एक हात, वाळल्यावर परत टॉर्च, परत बारीक भरणी, त्या भरलेल्या ठिपक्यांना पुन्हा प्रायमर. मग इमल्शन दोन हात, पूर्ण मॅट. चकाकी जितकी जास्त तितका जोड उघडा पडतो. रोलरचा शेवटचा हात खिडकीच्या उजेडाच्या दिशेनं ओढा.

मधलीखोली_भुसावळ
खिडकी पश्चिमेला मोठी आहे, संध्याकाळचा उजेड तिरपा सिलिंगवर येतो. मग काही जास्तीचं?

रंगारी_धुळे
मग नुसते जोड भरून थांबू नका, सगळ्या सिलिंगवर कंपाउंडचा एक पातळ हात फिरवा, मिलिमीटरभरही नाही. कागद आणि पुट्टी यांचा पोत त्यानं एकसारखा होतो. १२० चौरस फुटांना ते एका सकाळचं काम आहे, घासायचं मात्र सगळंच येतं. खिडकी छोटी असती तर हे सांगितलं नसतं, उगाच मेहनत.

सातपुडा_उतार
बरं, एवढं सगळं मान्य. पण सिलिंगवाले बोर्ड बसवून देतात त्यांच्याकडे जॉइंट कंपाउंड नसतंच, असतो पीओपी. त्यांना काय सांगायचं?

अमळनेरचा_खिळा
बोर्ड आणि स्क्रूचा दर वेगळा ठरवा, ‘जोड आम्ही भरू’ हे आधीच सांगा. आणि त्यांना मोकळ्या फटीत ‘थोडा पीओपी’ मारू देऊ नका, तो परत खरवडून काढावा लागतो आणि खरवडताना कागद जातो.

मधलीखोली_भुसावळ
एक शेवटचं. बाथरूमच्या पॅसेजला दोन फुटांचा तुकडा आहे, तिथं हाच बोर्ड चालेल?

स्लॅबखालचा
तिथं ओलावा सोसणारा हिरव्या कागदाचा बोर्ड घ्या, जोड याच पद्धतीनं. पण गिझरची वाफ थेट येत असेल तर एक्झॉस्ट पंखा आधी बसवा. कूलरचं तोंडही सिलिंगकडे नको, खाली वळवा.